ड्रेस म्हणलंय, पँट न्हाई

दयानंद: ...आणि ही तिसरी. ही पण पँटच. विद्यापीठात चाललीस का पोलीस भरतीला?

पुनम: पोलीस भरतीला असली पँट चालत न्हाई, दाजी. तिथं पळावं लागतं. तुमी गेलता ना एकदा, तुमाला म्हाईत पाहिजे.

दयानंद: माझं सोड.

पुनम: सोडलंच व्हतं तुमी. पहिल्याच राउंडला.

गुणाबाई: पुनमे! जावयासंगं बोलायची ही रीत हाय का? त्यायला म्हण, मनावर घिऊ नका, पोरीला अक्कल कमी हाय.

गुणाबाई, पुनमच्या तोंडून: आई म्हणती, मनावर घिऊ नका, अक्कल कमी हाय.

दयानंद: कुणाला?

पुनम: ते न्हाई सांगितलं तिनं.

(घर अहमदपूरजवळच्या खेड्यातलं. बाहेरच्या खोलीत बाजेवर थोरला जावई दयानंद. अधिकमासाच्या धोंड्यांच्या जेवणाला नांदेडहून आलाय, समोर नांदेडच्या विद्यापीठात शिकायला निघालेल्या धाकट्या मेव्हणीची, पुनमची, उघडी बॅग. आत गॅसपुढं सासू गुणाबाई. ती जावयाशी कधी सरळ बोलत नाही. मधे दाराचा पडदा. पडद्यात पुनम, अर्धी आत, अर्धी बाहेर.)

गुणाबाई: त्यायला इचार, अजून एक धोंडा वाढू का. तूप गरम हाय.

गुणाबाई, पुनमच्या तोंडून: अजून एक धोंडा घालू का, इचारती.

गुणाबाई: वाढू का म्हणले मी, भवाने! वाढू!

दयानंद: मामींना सांग, पोट भरलं. पुरण छान होतं. वेलदोडा जरा कमी पडला, पण ठीक आहे.

दयानंद, पुनमच्या तोंडून: आई, पुरणाला नावं ठेवायलेत.

गुणाबाई: ऐकले मी.

पुनम: मग मला कामून मधी उभं केलंय? तुला त्यांचं ऐकू येतं, त्यायला तुझं ऐकू येतं. मी काय मोबाईलचा टॉवर हाय का?

गुणाबाई: रीत हाय ती.

दयानंद: रीत पाळणारं घर आहे, म्हणून तर मी इथला जावई झालो. आणि म्हणूनच सांगतोय, पुनम, नीट ऐक. मामा सकाळी फवारणीला जाताना काय म्हणाले? 'तुम्ही नांदेडचे, तुम्ही बघा.' होस्टेलला स्थानिक पालक कोण? मी. सोमवारी वॉर्डनबाईंपुढं उभं कोण राहणार? मी. उद्या काही झालं तर फोन कुणाला येणार?

पुनम: काय व्हणार हाय? जीन्स पेट घेती का?

दयानंद: हसण्यावारी नेऊ नकोस. मी त्या गावात बी.ए. केलंय. तीन वर्षं. तिथलं वातावरण मला माहीत आहे.

पुनम: तीन वर्षांत विद्यापीठात कितीदा गेलता?

दयानंद: मार्कमेमोत नाव चुकलं होतं, तेव्हा गेलो होतो ना.

पुनम: खिडकीवर.

दयानंद: खिडकीवर म्हणजे काय, विद्यापीठातच असते ती खिडकी.

पुनम: अन् तेवढ्या भोकातून तुमाला वातावरण दिसलं.

गुणाबाई: पुनमे, आत ये. आत ये आधी. हे बघ, गप हाव म्हण अन् मोकळी हो. इथं हाव म्हणायचं, तिकडं काय घालायचं ते घाल. तिकडं कोण बघायलंय?

पुनम: म्हंजी चोरून घालू? मग जीन्समधी अन् दारूमधी फरक काय राहिला?

गुणाबाई: हळू बोल. ऐकू जाईल.

दयानंद: आलं ऐकू.

पुनम: बघ. टॉवरची गरजच न्हाई.

दयानंद: मामींना सांग, मी काही शत्रू नाही. रिकाम्या हातानं आलोय का मी? पुनम, ती पिशवी उघड. खुर्चीवरची. उघड, उघड. नांदेडला वजिराबादच्या दुकानातून कापड घेतलंय. शिवूनच आणलेत. तीन ड्रेस.

पुनम: ह्यो कोणता कलर म्हणायचा?

दयानंद: बिस्कीट.

पुनम: अन् ह्यो?

दयानंद: तो पण बिस्कीटच, पण डार्क. आणि तिसरा राखी. मळत नाहीत. डोळ्यात भरत नाहीत. मुलीनं कसं, आली कधी, गेली कधी, कळू नये.

पुनम: त्या हिशेबानं भिंतीचाच कलर घ्यायचा ना. मी टेकून उभी राहिले की दिसलेच नसते.

गुणाबाई: त्यायला म्हण, चांगले हायत. एवढी तसदी कामून घेतली म्हणावं.

गुणाबाई, पुनमच्या तोंडून: आई म्हणती, कामून घेतले.

गुणाबाई: तसदी! तसदी म्हणले मी!

दयानंद: तसदी कसली. घरचीच मुलगी. शिंपी म्हणाला माप आणा, मी उज्वलाचं ब्लाउज नेलं. बहिणी-बहिणी, माप एकच.

पुनम: ब्लाउजवरून ड्रेस शिवला?

दयानंद: आता घरात मापाला दुसरं काय आहे? तिच्या साड्याच असतात. शिंप्याला म्हटलं, अंदाजानं खाली वाढव. चांगला मोकळा शिवलाय.

पुनम: मोकळा? दाजी, यात मी अन् माझी रूममेट दोघी जाऊ. एका टायमाला. एक ह्या बाहीतून, एक त्या बाहीतून.

गुणाबाई: बाही किती हाय?

पुनम: मनगटापस्तोर. वर कॉलर. खाली घोट्यापस्तोर. नाक तेवढं उघडं ठेवलंय, हजेरीला 'प्रेझेंट' म्हणायला.

दयानंद: तुला टिंगल करायची असेल तर कर. पण मला एक सांग. या पँटी कुठून घेतल्या?

पुनम: लातूरहून. गंजगोलाईच्या बाजारातून. साक्षीसंगं गेले व्हते.

दयानंद: साक्षी कोण?

पुनम: मैत्रीण.

दयानंद: ती काय घालते?

पुनम: इचारलं न्हाई कधी. कपडे घालती, एवढं नक्की.

दयानंद: कारण सांग मला. एक कारण. ड्रेस सोडून पँटच का?

पुनम: लॅब हाय आमची. बर्नर असतो टेबलावर. वाकलं की ओढणी पुढं येती. पेटली म्हंजी? बी.एस्सी.ला एकीची पेटली व्हती.

दयानंद: मग पिन लाव ओढणीला.

पुनम: बसमधी चढताना पायात येती.

दयानंद: हजारो बायका चढतात. साडी नेसून चढतात. कडेवर लेकरू घेऊन चढतात.

पुनम: म्हंजी मीबी एक लेकरू घिऊन चढू?

गुणाबाई: पुनमे.

दयानंद: कारण नाहीच तुझ्याकडं.

पुनम: न्हाई. बरं. न्हाई कारण. मला त्यात बरं वाटतं. चालताना बरं वाटतं. झालं?

दयानंद: बरं वाटतं! ऐकलंत का, मामी? म्हणजे, मामींना सांग. यांना बरं वाटतं म्हणे. विद्यापीठ हे बरं वाटायला असतं का? बरं वाटायला दवाखाना असतो.

गुणाबाई: त्यायला म्हण... थांब. त्यायला म्हण, असं केलं तर? पँट घालू द्या तिला, अन् वरून सनकोट. तो पांढरा, गाडीवर बसताना पोरी घालत्यात तो. गुडघ्यापस्तोर झाकतंय. तिचंबी राहिलं, तुमचंबी राहिलं.

गुणाबाई, पुनमच्या तोंडून: आई म्हणती, वरून सनकोट घालू द्या.

दयानंद: हा... हा विचार वाईट नाही. सनकोट चालेल. तोंडाला स्कार्फ पण बांध मग. पूर्ण होतंय ते.

पुनम: वर्गात बसून? पंख्याखाली? सर इचारतील ना, 'का गं, तुला वर्गात ऊन लागतंय का?' मी काय सांगू, 'न्हाई सर, माझे दाजी लागायलेत'?

गुणाबाई: मी चांगलं सांगितलं तर तू घाण करून ठिवतीस.

पुनम: चांगलं सांगितलं? आई, ते मान्य करायलेत, तिथंच समज काय सांगितलंस ते.

दयानंद: राहू दे सगळं. माझं ऐकायचं नाही ना? विद्यापीठाचं तर ऐकशील? तुझा मोबाईल दे. तुमच्या विभागाचा ग्रुप आहे ना, मघाशी तूच दाखवत होतीस. हं, हे बघ. मोठ्यानं वाचतो, मामींना पण कळू दे. 'सोमवारी सकाळी अकरा वाजता स्वागत समारंभ. सर्व नवीन विद्यार्थ्यांनी फॉर्मल ड्रेसमध्ये उपस्थित राहावे.' संपलं. आता बोल.

पुनम: काय बोलू?

दयानंद: काय लिहिलंय?

पुनम: फॉर्मल ड्रेस.

दयानंद: ड्रेस! ड्रेस म्हणलंय, पँट न्हाई! विद्यापीठानं सोता लिवलंय!

पुनम: हळू दाजी. तुमची शुद्ध भाषा सांडायली बाजेवरून.

दयानंद: ड्रेस म्हणलंय का न्हाई?

पुनम: अहो, फॉर्मल ड्रेस म्हंजी शर्ट-पँट! इन केलेली! त्याच्यासाठीच तर घेतली ती काळी पँट. तुमी जिला पोलीस भरतीची म्हणायलेत, ती!

दयानंद: मला इंग्रजी शिकवू नकोस. मी नोकरी करतो त्या संस्थेत रोज इंग्रजीत पत्रव्यवहार असतो. फॉर्मल म्हणजे व्यवस्थित. ड्रेस म्हणजे ड्रेस. गल्लीतल्या शेंबड्या पोरीला विचार ड्रेस म्हणजे काय. खाली सलवार, वर कुर्ता, खांद्यावर ओढणी. व्यवस्थित ड्रेस घालून या, असा सरळ अर्थ आहे.

गुणाबाई: हाव, ड्रेस तर ड्रेसच असतो की.

पुनम: आई, तू गप. दाजी, परत वाचा. 'सर्व नवीन' काय?

दयानंद: विद्यार्थ्यांनी.

पुनम: आमच्या वर्गात पोरंबी हायत. सोमेश वाघमारे हाय, बिलोलीचा. सहा फूट. दाढी हाय. त्यालाबी ह्योच मेसेज आला. तो बिस्कीट घालणार का राखी?

दयानंद: आता त्यात...

पुनम: ओढणीला पिन लावा म्हणावं त्याला. बर्नर असतो.

गुणाबाई: काय ग बाई...

पुनम: हस, हस आई. पदर तोंडात घालून हसू नको. ऐकू जाऊ दे.

दयानंद: मामी हसल्या?

पुनम: न्हाई. ठसका लागला.

दयानंद: कळलं. मला कळतं. मी येड्यावानी ऊन-पावसात एस.टी.नं तुमच्याकडं येतो, तुमच्या मुलीची जबाबदारी घेतो, आणि माझी आत-बाहेर थट्टा. ठीक आहे. पुनम, मामींना माझा निरोप सांग. अक्षराचाही फरक न करता सांग. म्हणावं, दयानंद सोमवारी येणार नाही.

पुनम: कुठं?

दयानंद: वॉर्डनपुढं. स्थानिक पालक म्हणून. माझं नाव लावायचं नाही. तुझं तू बघ. पँट घालून जा, हाफ पँट घालून जा, माझा संबंध नाही.

गुणाबाई: काय म्हणायलेत ते? पुनमे? बोल की.

पुनम: ऐकलंस तू.

गुणाबाई: तू सांग.

दयानंद, पुनमच्या तोंडून: सोमवारी येणार न्हाईत.

गुणाबाई: मग होस्टेल?

पुनम: पालकाबिगर खोली देत न्हाईत.

गुणाबाई: मग इथून जाऊन येऊन...

पुनम: दोन तास जायला, दोन तास यायला. सकाळची एस.टी. एक दिवस आली तर दोन दिवस येत न्हाई. अन् रानातून फवारून आल्यावर दादा काय म्हणतील? 'जावयानं अंग काढलं, म्हंजी कायतरी वंगाळ असंल, राहू दे घरी.' येवढंच म्हणतील. अन् मग एखादा पाव्हणा आणतील बघायला.

दयानंद: मी असं म्हणत नाही की शिकू नकोस. मी शिक्षणाच्या विरोधात नाही. बघ, शिक्षण वेगळं, कपडे वेगळे.

पुनम: तुमीच तर एक करायलात.

दयानंद: तुझ्या हातात आहे. मी आहे इथं संध्याकाळच्या गाडीपर्यंत.

गुणाबाई: पुनमे.

पुनम: काय?

गुणाबाई: काय करतीस?

पुनम: काय करू? बॅग भरते. ती काळी दे इकडं. निळ्या दोन्ही दे. शर्टबी. फडताळात टाक सगळं. हां, तसंच कोंब, घडी कशाला घालतीस, कुणाला घालायच्यात. आता हे बिस्कीट आण. बिस्कीट वर, दुसरं बिस्कीट खाली, राखी मधी. बघा दाजी, भरली. पुडाच झाला पुरा. चहासंगं खायला बरा.

दयानंद: राग ठेवून घालू नकोस. मनापासून घाल.

पुनम: मनापासूनचं माप ब्लाउजवर असतं का?

दयानंद: शहाणी आहेस. आज वाईट वाटेल, दोन वर्षांनी तूच म्हणशील, दाजींनी बरोबर सांगितलं. येतो मी सोमवारी. मात्र एक. रोज सकाळी निघताना एक फोटो पाठवायचा.

पुनम: कशाचा?

दयानंद: तुझा. पूर्ण. पायापासून. काय घालून निघालीस ते कळायला पाहिजे. इथं ड्रेस भरायचा आणि तिथं मैत्रिणीची पँट घालायची, असं नको. उज्वलाच्या मोबाईलवर नको, ती विसरते. माझ्याच मोबाईलवर पाठव.

गुणाबाई: कामून?

दयानंद: मामींना सांग, जबाबदारी म्हणून. मी तिथं...

गुणाबाई: तिला नका सांगू. मी तुमाला इचारायले. कामून?

दयानंद: पुनम, मामी कुणाशी बोलतायत?

पुनम: तुमच्याशी, दाजी. माझ्याकडं बघू नका. मी काही सांगितलं न्हाई. पडदा तिनंच सारलाय.

गुणाबाई: धाकट्या मेव्हणीचा फोटो तुमच्या मोबाईलवर, रोज, पायापासून वर. कामून पाहिजे?

दयानंद: तसं नाही मामी, तुम्ही भलताच अर्थ... बसा ना तुम्ही. उभ्या कशाला.

गुणाबाई: मी उभीच बरी. ड्रेस चांगला असतो, म्हणलात?

दयानंद: हो, म्हणजे, आपल्या घराण्याला शोभणारा...

गुणाबाई: अंग झाकतंय. डोळ्यात भरत न्हाई. ओढणी असती.

दयानंद: तेच सांगतोय मी मघापासून.

गुणाबाई: मग उज्वलाचे कामून परत आले?

दयानंद: कोणते?

गुणाबाई: लग्नात तिला सहा ड्रेस दिलते. सगळ्याला ओढणी. सगळ्याला अस्तर. अहमदपूरच्या कॉलेजात जाताना घालायची तेच धुवून, इस्त्री करून दिलते. एक वर्षाचं शिक्षण राहिलं व्हतं तिचं, तुमी म्हणलात, नांदेडला पुरं करू. पहिल्या दिवाळीला तुमी आलात अन् ही अशीच पिशवी आणलीत. आत सहाच्या सहा. 'आमच्यात सुना ड्रेस घालत न्हाईत. बरं दिसत न्हाई. साडीच नेसत्यात.'

दयानंद: ते माझ्या आईचं म्हणणं होतं.

गुणाबाई: पिशवी तुमच्या हातात व्हती.

दयानंद: मामी, लग्न झालेल्या मुलीचं वेगळं असतं.

गुणाबाई: तवा ड्रेस वंगाळ व्हता. आज ड्रेस चांगला झाला. उद्या हिनं ड्रेस घातला तर परवा त्यात काय खोट काढताल? ड्रेस तर तोच हाय. मी तर दोन्ही टायमाला तोच बघितला.

पुनम: आई, तू सहा ड्रेसचं मला कधी सांगितलं न्हाईस. तू म्हणलीस, ताईला आता होत न्हाईत.

गुणाबाई: तिला व्हत व्हते.

दयानंद: झालं ते झालं. आता जुनं उकरून काय मिळणार आहे?

गुणाबाई: उकरायचं कशाला? तुमी त्याच्यावरच बसलात.

दयानंद: काय?

गुणाबाई: गोधडी केली मी त्याची. जावई आला की मी तीच टाकते बाजेवर. दर बारीला. तुमी कधी इचारलं न्हाई, मी कधी बोलले न्हाई. तुमच्या मांडीखाली पोपटी हाय ना, तो तिचा कॉलेजात पहिल्या दिवशीचा.

पुनम: उठू नका दाजी. बसा. मळत न्हाई तो.

दयानंद: हे... हे बरोबर नाही. बोलावून घेऊन असं... हा पाहुणचार आहे का? न्हाई पायजे मला हे पालकपण. फायनल सांगतो. सोमवारी मी येत न्हाई म्हंजी न्हाई. बगू कोण उभं राहतंय वॉर्डनपुढं. मामांना मीच सांगतो काय ते.

गुणाबाई: पुनमे, फोन लाव.

पुनम: दादांना?

गुणाबाई: ताईला. तीबी नांदेडातच राहती. तिचं आधार कार्ड नांदेडचं हाय. सख्खी बहीण हाय. पालक म्हणून तिचं नाव चालत न्हाई का?

पुनम: चालतं की. होस्टेलच्या फॉर्मवर 'जवळचा नातेवाईक' येवढंच म्हणलंय.

गुणाबाई: मग आतापस्तोर कुणी तिचं नाव कामून घेतलं न्हाई?

पुनम: कुणाला सुचलं न्हाई, आई. मलाबी न्हाई.

दयानंद: तिला जमणार नाही. बाळाला ताप आहे, म्हणून तर ती आज आली नाही. आणि ती कधी गेली नाही असल्या ठिकाणी. एकटी तर नाहीच. मला विचारल्याशिवाय ती...

गुणाबाई: त्यायला म्हण, गप बसा.

गुणाबाई, पुनमच्या तोंडून: आई म्हणती, जरा दम घ्या, दाजी.

दयानंद: मला ऐकू आलंय!

पुनम: म्हाईत हाय. लागला फोन. ताई? हाव, मीच. न्हाई, सगळं बरं हाय. बाळाचा ताप? उतरला? आई, ताप उतरला म्हणती. हाव, जेवले दाजी. हायत की, इथंच बसलेत. ऐक, ताई. सोमवारी मला होस्टेलला पालक पाहिजे. न्हाई, दाजी न्हाई येत. तू. तू म्हणायले मी. विद्यापीठात यायचं, वॉर्डनबाईला भेटायचं, सही करायची. अन् मग स्वागत समारंभ हाय, त्यालाबी बस माझ्यासंगं. तिथल्या लोकांनी बघू दे, माझी ताई आली म्हणून. ताई? बरं, बघ आधी.

गुणाबाई: काय म्हणती?

पुनम: कुकर बघून येते म्हणती.

गुणाबाई: कटला का?

पुनम: न्हाई, चालू हाय. कुकरची शिट्टी ऐकू आली आत्ता.

दयानंद: मी सांगितलं नव्हतं? दे तो फोन माझ्याकडं. मी समजावतो तिला.

गुणाबाई: देऊ नको.

पुनम: थांबा. थांबा दोघं. बोलायली. हाव, ताई. हाव. सांगते. आई, ती तुला काहीतरी इचारायली.

गुणाबाई: काय?

उज्वला, पुनमच्या तोंडून, जशीच्या तशी: आई, मी काय घालून येऊ?